वाचकांचे प्रश्न : राठ झालेले हात

हातांच्या त्वचेविषयी आलेली पत्रे या वेळी इतकी आहेत की संपूर्ण सदर त्याच विषयाला देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी सर्वांना उपयोगी पडेल अशी थोडी माहिती देतो. तळहाताची त्वचा मुळातच अंगावरील इतर त्वचेपेक्षा कितीतरी जाड असते. तिच्यात घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण केस नसतात आणि केसांच्या मुळाशी असणाऱ्या तेलग्रंथीही नसतात. त्यामुळे ती लवकर कोरडी पडते. सर्वांत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत जाते, वाटेत केराटिन या चिवट प्रथिनाने भरते, मृत होते आणि शेवटी पृष्ठभागावरून गळून पडते. या प्रवासाला साधारण महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. घर्षण, रसायन, ॲलर्जी, बुरशी, नसांचा आजार किंवा जन्मजात दोष यांपैकी कोणत्याही कारणाने पेशींची निर्मिती वाढली किंवा त्यांचे गळणे मंदावले, की वरचा थर साचत जातो. अशा रीतीने जाड कातडी हे अनेक वेगवेगळ्या आजारांचे एकच लक्षण ठरते, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा जाडी कोणत्या जागी आली आहे यावरून ओळखता येते. एका हाताला आहे की दोन्ही, बोटांच्या टोकांना आहे की मुळाशी, कडा ठळक आहे की पुसट, खाज आहे का, दुखते का, पायांचे तळवे कसे आहेत, एवढे ज्यांनी पत्रात लिहिले त्यांना नेमके उत्तर देणे मला शक्य झाले. ज्यांनी केवळ ‘हात राठ झाले आहेत, मलम सुचवा’ असे लिहिले आहे, त्यांनी कृपया हा तपशील कळवावा.

एक पत्र क्रम मोडून सर्वांत आधी घेतो, कारण त्याला थांबून चालणार नाही.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी एका खानावळीत पोळ्या भाजण्याचे काम करतो. उजव्या तळहाताची करंगळीकडील बाजू वर्षभरापासून कोरडी व जाड झाली आहे आणि तिला भेगा पडतात. भेगा खोल असल्या तरी दुखत नाहीत, त्यामुळे मी लक्ष दिले नाही. हल्ली तव्याचा चटका बसला तरी फोड आल्यावरच कळते. भेगांसाठी कोणते मलम लावावे? (नाशिक)

उत्तर : मलमाविषयी मी शेवटी लिहितो. त्याआधी येत्या दोन-तीन दिवसांतच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन आपण हात दाखवून घ्यावा. तळहाताची खोल भेग दुखलीच पाहिजे, आणि ती दुखत नसेल तर त्या भागाची संवेदना हरपली आहे असे समजावे. करंगळी, तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग आणि तळहाताची ती कड यांना कोपराच्या मागून येणारी एकच नस संवेदना पुरवते. त्वचेला घाम आणणारे तंतूही याच नसेबरोबर येतात. नस निकामी होऊ लागली की घाम थांबतो, घाम थांबला की त्वचा सुकते, सुकलेली त्वचा जाड होऊन फाटते, आणि वेदना नसल्यामुळे माणूस त्याच हाताने काम करत राहतो.

आपल्याकडे अशा वेळी सर्वप्रथम कुष्ठरोग आहे की नाही हे पाहावे लागते. डॉक्टर आपल्या कोपरामागची नस जाड झाली आहे का हे चाचपून पाहतील आणि अंगावर कोठे फिकट, बधिर चट्टा आहे का हे तपासतील. कोपरापाशी नस दबल्यामुळे किंवा मानेच्या मणक्यांच्या त्रासामुळेही असे होऊ शकते. मधुमेहानेही बधिरता येते, परंतु ती सहसा पायांपासून सुरू होते. निदान काहीही निघाले तरी उशीर करणे परवडणारे नाही. कुष्ठरोगाची बहुविध औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पूर्ण होतात. नसेची शक्ती अलीकडेच, म्हणजे गेल्या सहा महिन्यांच्या आत, गेली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती बरीचशी परत येऊ शकते. त्यानंतर मात्र ती संधी झपाट्याने कमी होत जाते. घाईचे खरे कारण हेच आहे.

आपल्या पत्रात एक भीती न लिहिता व्यक्त झाली आहे असे मला वाटले, म्हणून स्पष्ट सांगतो. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याचा धोका राहत नाही. घरच्यांपासून वेगळे राहण्याची किंवा काम सोडण्याची गरज नसते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कायद्यातील तरतूदही २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे.

आता हाताची निगा. रोज साध्या पाण्यात वीस मिनिटे हात बुडवून ठेवावा. पाणी गरम असल्यास ते डाव्या हाताने किंवा दुसऱ्या कोणी तरी तपासावे. मऊ झालेली निबर कड वजरीने हलकेच घासावी आणि हात ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. पोळी उलटण्यासाठी लाकडी मुठीचा चिमटा व उलथणे वापरावे आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळहात उजेडात धरून डोळ्यांनी तपासावेत, कारण इजा झाल्याचे त्या बाजूला हात स्वतः सांगणार नाही. वितळवलेले मेण भेगांत भरण्याची पद्धत काही घरांत आहे. बधिर हातावर तसे कधीही करू नये.

प्रश्न : मी ऊसतोड कामगार आहे. हंगामात चार-पाच महिने रोज कोयता चालवून उजव्या तळहातावर बोटांच्या मुळाशी मोठे घट्टे पडले आहेत. थंडीत त्यांना चिरा पडून रक्त येते. टोळीतील एक जण पात्याने घट्टे तासून देतो, तर दुसरा बिब्बा लावायला सांगतो. घट्टे कायमचे जातील असे औषध आहे का? शिवाय रेशन दुकानातील यंत्रावर माझा अंगठा उमटत नाही. (जि. बीड)

उत्तर : आपले घट्टे हा आजार नाही. हाडावरची त्वचा कोयत्याची मूठ आणि हाड यांच्यामध्ये दिवसभर दाबली आणि घासली जाते, तेव्हा खालचा थर नेहमीपेक्षा वेगाने पेशी बनवू लागतो आणि वर एक संरक्षक गादी तयार करतो. ही गादी नसती तर त्या जागी रोज फोड आले असते. ऐन हंगामात घट्टे समूळ काढले तर दुसऱ्याच दिवशी उघड्या पडलेल्या कोवळ्या त्वचेला फोड येतील आणि काम बंद पडेल. सतारवादकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेने पडलेले घट्टेही याच कारणाने कोणी काढून टाकत नाही. घट्टा राहू द्यावा, मात्र तो पातळ आणि लवचीक ठेवावा. जाड व कोरडा घट्टा वाकत नाही, आणि मूठ उघडता-मिटताना त्याच्या कडेला मऊ त्वचा जिथे सुरू होते तिथेच चीर जाते.

त्यासाठी काम संपल्यावर हात कोमट पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत. पाण्यात सोडा किंवा कपडे धुण्याची पावडर घालू नये. त्यानंतर वजरीने एकाच दिशेने, हलक्या हाताने, वरचा पातळ पापुद्राच निघेल इतके घासावे. त्वचा गुलाबी दिसू लागली किंवा चुणचुणू लागली की थांबावे. हे आठवड्यातून दोन-तीनदा पुरेसे आहे. हात टिपून तीन-चार मिनिटांच्या आत व्हॅसलिन, खोबरेल तेल किंवा मिळत असेल तर कोकमतेल चोळावे. कोकणात भेगांसाठी कोकमतेल पूर्वापार वापरतात आणि ती चाल मला योग्य वाटते, कारण ते एरवी घट्ट असते, बोटाच्या उबेने विरघळते आणि त्वचेवर बराच वेळ टिकून राहते. रात्री जाडसर थर लावून जुने सुती मोजे हातांत घातल्यास परिणाम अधिक चांगला होतो.

एवढ्याने भागले नाही तर १० ते २० टक्के युरिया असलेले क्रीम रोज लावावे. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन सैल करतो. अधिक निबर घट्ट्यांसाठी ४० टक्क्यांपर्यंतचा युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लाचे मलम वापरतात, परंतु ही दोन्ही औषधे केवळ घट्ट्यावर लावायची असतात आणि उघड्या चिरेवर ती झोंबतात. चीर असेल तर तिच्यावर आधी व्हॅसलिन लावून वर कागदी चिकटपट्टी बसवावी, म्हणजे कडा जवळ येऊन ती काही दिवसांत भरते. फरक दिसायला तीन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत उपाय सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पात्याने तासणे कृपया बंद करावे. टोळीत एकच पाते अनेकांच्या हातावर फिरत असेल तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका आहे, आणि खोल कापले गेले तर जंतुसंसर्ग होऊन सबंध तळहात सुजू शकतो. चिरा पडणाऱ्या हातांनी शेतात काम करताना धनुर्वाताची लसही वेळेवर घेतलेली असावी. बिब्बा तर मुळीच लावू नये. बिब्ब्याच्या चिकामुळे त्वचा अक्षरशः भाजते, पाणीदार फोड येतात आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहते. भेगेवर बिब्बा लावल्याने कोपरापर्यंत सुजलेले हात मी पाहिले आहेत.

मुठीकडेही लक्ष द्यावे. बारीक मुठीमुळे सगळा दाब अरुंद पट्टीत एकवटतो. तीच मूठ सुती कापड घट्ट गुंडाळून जाड केली तर दाब पसरतो आणि घाम टिपला जातो. कापड रोज बदलावे, कारण मातीचे कण अडकलेले कापड उलट अधिक घासते. सैल हातमोज्यात कोयता फिरण्याची भीती असते, त्यामुळे मोजे वापरायचेच असतील तर हाताला घट्ट बसणारे आणि तळव्याला पकड असलेले घ्यावेत. आपल्याला किंवा टोळीतील कोणाला मधुमेह असेल तर त्यांनी सॅलिसिलिक आम्ल आणि मेडिकल दुकानातील कुरूपाच्या पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

अंगठा न उमटण्याचे कारण असे की झिजलेल्या आणि कोरड्या त्वचेवरील रेषा यंत्राला दिसत नाहीत. रेशन घ्यायला जाण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून अंगठ्याला तेल लावून त्वचा मऊ ठेवावी आणि दुकानात जाताना हात धुऊन तेल पुसून टाकावे. डाव्या हाताची बोटे कमी झिजलेली असतात, त्यांनीही प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवता येतात आणि आधारच्या पडताळणीत बुबुळाचा तसेच मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा मार्गही आहे. आपला मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला आहे ना, हे हंगामावर निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला धान्याविना परत पाठवणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

प्रश्न : मी घरगुती डबे देते. माझ्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके जाड, खरखरीत झाली असून त्यांना उभ्या चिरा पडतात. उजवा हात जवळजवळ ठीक आहे. साबण बदलला, मलमे लावली, फरक नाही. गावी गेले की पंधरा दिवसांत बरे वाटते. (पुणे)

उत्तर : आपण जागा इतकी नेमकी लिहिली आहे की न पाहताही माझा पहिला संशय लसणीवर जातो. उजव्या हाताने काम करणारी व्यक्ती सुरी उजव्या हातात धरते आणि लसणीची पाकळी डाव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे यांच्या चिमटीत धरते. डबे करणाऱ्यांच्या हाती रोज किती लसूण सोलला जातो हे आपण जाणताच. लसणीतील गंधकयुक्त द्रव्यांची ॲलर्जी झाली की बरोबर याच तीन बोटांची टोके जाड होऊन फाटतात, आणि काम थांबले की सुधारतात. साबणाने होणारा त्रास सहसा दोन्ही हातांना होतो आणि बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखाली व हाताच्या पाठीवर अधिक दिसतो.

खात्री पॅच चाचणीने होते. संशयित पदार्थांचे सौम्य नमुने पाठीवर पट्टीने चिकटवून ४८ तास ठेवतात आणि पट्टी काढल्यावर एकदा व नंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. त्या काळात पाठ भिजवायची नसते. ही चाचणी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत तसेच अनेक खासगी त्वचारोगतज्ज्ञांकडे होते. चाचणी म्हणून घरी कच्चा लसूण त्वचेवर बांधून पाहू नये, त्याने ॲलर्जी नसलेली त्वचाही भाजते.

हातमोजे घालून प्रश्न सुटेल असे आपल्याला वाटेल, परंतु लसणीतील हे द्रव्य नेहमीच्या पातळ मोज्यांतून आरपार जाते. त्यामुळे दोन महिने लसूण सोलण्याचे व ठेचण्याचे काम पूर्णपणे दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि तयार ठेचा चमच्यानेच घ्यावा. कांदाही त्याच कुळातील असल्याने काहींना त्याचाही त्रास होतो, तेव्हा त्याकडेही लक्ष ठेवावे. या काळात त्वचारोगतज्ज्ञ आपल्याला तीव्र स्टिरॉइडचे मलम दोन ते चार आठवडे देतील आणि नंतर हळूहळू कमी करतील. बोटांच्या टोकांची कातडी जाड असल्याने तेथे सौम्य औषध पोहोचत नाही, आणि क्रीमपेक्षा तेलकट मलम अधिक उपयोगी पडते. भांडी घासताना आतून सुती मोजे व वरून रबरी मोजे वापरावेत, पण सलग वीस मिनिटांहून अधिक वेळ नाही, कारण आत साचलेला घामही त्वचेला त्रास देतो. दर वेळी हात धुतल्यावर टिपून व्हॅसलिन लावावे. हा नियम कंटाळवाणा आहे, पण पुन्हा भेगा पडणे टाळण्यात त्याचा वाटा औषधाइतकाच आहे.

गवंडीकाम करणाऱ्या दोन वाचकांनीही असेच लिहिले आहे. त्यांच्या बाबतीत ओल्या सिमेंटचा अल्कलीपणा आणि त्यातील क्रोमियमची ॲलर्जी या दोन्ही शक्यता असतात. सिमेंटचे हात काम संपेपर्यंत तसेच न ठेवता मधूनमधून धुवावेत आणि त्यांनीही पॅच चाचणी करून घ्यावी.

प्रश्न : उजवा तळहात तीन वर्षांपासून जाड झाला असून रेषांमध्ये पांढरा कोंडा साचतो. डावा हात स्वच्छ आहे. दोन्ही तळपायांवरही तसेच आहे. मेडिकल दुकानातून आणलेली ट्यूब लावली की बरे वाटते, थांबवली की परत येते. हा सोरायसिस आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : एक हात आणि दोन पाय ही जोडी बुरशीची खूण आहे. पायांवरील बुरशी खाजवणाऱ्या हाताला लागते आणि त्याच तळहातावर वर्षानुवर्षे राहते. रेषांमध्ये पिठासारखा साचणारा कोंडा याला दुजोरा देतो. त्या हाताची नखे जाड किंवा पिवळट झाली आहेत का, हेही पाहावे. सोरायसिस सहसा दोन्ही तळहातांवर येतो, त्याची कडा ठळक असते आणि कोपर, गुडघे किंवा डोक्याची त्वचा यांवरही चट्टे सापडतात.

आपण वापरत असलेल्या ट्यूबचे नाव लिहिलेले नाही, परंतु वर्णनावरून तिच्यात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे मिश्रण असावे. अशा मिश्रणातील स्टिरॉइड खाज व लाली दाबते, त्यामुळे बरे वाटते, आणि दरम्यान बुरशी खोलवर पसरत राहते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा नेहमीच्या औषधांना दाद देईनासा झाला आहे आणि या ट्यूबचा बेसुमार वापर हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. ती ट्यूब बंद करावी. त्वचारोगतज्ज्ञ कोंडा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी स्वस्त असून काही मिनिटांत होते. बुरशी निघाली तर तळहाताच्या जाड त्वचेसाठी केवळ मलम पुरत नाही, काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. पायांचा उपचार त्याच वेळी झाला नाही तर हात पुन्हा बिघडतो.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या बोटावर कडक, खरखरीत उंचवटा आला आहे. ते कुरूप आहे की चामखीळ? (ठाणे)

उत्तर : चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटलेल्या दिसतात, तिच्यात बारीक काळे ठिपके असतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यास दुखते. कुरुपावर सरळ दाब दिला की दुखते. मुलांच्या बोटांवर चामखीळच अधिक आढळते. ती विषाणूमुळे होते आणि पुष्कळदा महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत आपोआप जाते. मुलाला ती कुरतडू देऊ नये. लिहिणाऱ्या बोटावर, पेन टेकते तिथेच उंचवटा असेल तर तो साधा घट्टा आहे, आणि पेन धरण्याची पकड सैल केली की कमी होतो.

प्रश्न : मला १८ वर्षांपासून मधुमेह आहे. बोटांची कातडी जाड, मेणासारखी झाली आहे. नमस्कार करताना तळहात एकमेकांना टेकत नाहीत. दुखत मात्र नाही. (वडोदरा)

उत्तर : तळहात जोडल्यावर बोटांमध्ये फट राहणे हीच डॉक्टरांची या विकाराची तपासणी आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती त्वचेतील व सांध्याभोवतालच्या कोलॅजन तंतूंना चिकटते, तंतू कडक होतात आणि बोटे पूर्ण सरळ होत नाहीत. ही जाडी वरच्या मृत थराची नसून आतल्या थराची आहे, त्यामुळे वजरी, युरिया किंवा सॅलिसिलिक आम्ल यांचा येथे काहीही उपयोग नाही. साखरेवर नियंत्रण आणि भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घेतलेले बोटांचे नियमित व्यायाम हा उपचार आहे. हा विकार असणाऱ्यांत डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडे यांवरही परिणाम झालेला असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्या दोन्हींची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी.

मधुमेह नसलेल्या ज्या वाचकांची बोटे सुजल्यासारखी, ताणलेली आणि घट्ट होत चालली आहेत, थंडीत किंवा गार पाण्यात ती आधी पांढरी व मग निळी पडतात, त्यांनी ही कोरडी त्वचा समजून तेल लावत बसू नये. तो स्क्लेरोडर्मा असू शकतो. त्यात फुप्फुसे व मूत्रपिंडेही बाधित होतात, तेव्हा संधिवाततज्ज्ञांना लवकर भेटणे आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्या घरात माझ्या वडिलांचे, माझे आणि माझ्या बहिणीचे तळहात व तळपाय लहानपणापासून पिवळट, जाड आहेत. आता माझ्या पाच महिन्यांच्या मुलालाही तसेच दिसू लागले आहे. नातेवाईक याला शाप म्हणतात, तर काही जण बाळाला उचलून घेत नाहीत. यावर उपाय आहे का? (जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : हा शाप नाही आणि स्पर्शाने पसरतही नाही, हे आपल्या नातेवाइकांना हे उत्तर दाखवून निःसंकोच सांगावे. तळहात-तळपायांच्या त्वचेत केराटिन ९ या नावाचे खास प्रथिन असते. ते बनवणाऱ्या जनुकात बदल असेल तर पेशी कमकुवत होतात आणि त्याची भरपाई म्हणून वरचा थर जन्मानंतर काही महिन्यांतच जाड होऊ लागतो. आपल्या घरात प्रत्येक पिढीत, स्त्री-पुरुष दोघांतही तो दिसतो, यावरून तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच येणारा प्रकार असावा. अशा वेळी प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. ज्यांना तो आलेला नाही, त्यांच्या मुलांना तो सहसा येत नाही.

जनुकातील बदल औषधाने दुरुस्त होत नाही, परंतु हात वापरण्याजोगे आणि वेदनामुक्त राहू शकतात. आपण व बहिणीने वर दिलेली भिजवणे, घासणे, युरिया लावणे ही पद्धत आयुष्यभर चालू ठेवावी. अशा जाड त्वचेत घाम मुरतो आणि तिच्यावर बुरशी सहज वाढते. कधी अचानक खाज, दुर्गंधी किंवा सोलटणे वाढले तर आधी बुरशीची तपासणी करावी, कारण तिचा उपचार होताच पुष्कळ आराम पडतो. फार त्रास असणाऱ्यांना ॲसिट्रेटिनच्या गोळ्या देतात. गर्भावर त्यांचा गंभीर परिणाम होतो आणि त्या बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. त्यामुळे आपल्या बहिणीला पुढे मूल हवे असल्यास तिने हे औषध घेऊ नये. बाळाला सॅलिसिलिक आम्ल लावू नये, कारण लहान मुलांच्या त्वचेतून ते रक्तात शिरते. सध्या साधे व्हॅसलिन आणि सैल सुती मोजे पुरेत.

या विकाराच्या काही दुर्मीळ जातींत इतर अवयवही बाधित होतात. कोणाचे दात लहान वयातच हिरड्या सुजून पडले आहेत का, कोणाला ऐकू कमी येते का, केस लोकरीसारखे कुरळे असून हृदयविकार आहे का, अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. दात पडण्याचा प्रकार नात्यात लग्ने झालेल्या घरांत अधिक आढळतो, त्यामुळे मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी झालेल्या लग्नांचीही नोंद करावी. तीन पिढ्यांची अशी वंशावळ कागदावर काढून, प्रत्येकाच्या तळहातांची छायाचित्रे सोबत घेऊन, वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात एकदा सर्वांनी मिळून जावे. जनुकीय तपासणी आवश्यक आहे की नाही हे तेथे ठरेल. मूल अंगणवाडीत जाऊ लागेल तेव्हा हा विकार संसर्गजन्य नाही असे लेखी प्रमाणपत्र त्या डॉक्टरांकडून घेऊन सेविकेकडे द्यावे.